हळू वाढणारा कॅन्सर आणि रोजचं बिघडलेलं पोट

लहान आतड्यात सुरू झालेला आणि निदानाच्या वेळीच शरीरात दूरवर पसरलेला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. नाव ऐकूनच घरातल्यांच्या पायाखालची जमीन सरकते. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदींच्या विश्लेषणात याच आजाराच्या सौम्य प्रतीच्या, पण पसरलेल्या रुग्णांचं मध्यमान आयुष्य १०३ महिने निघालं. म्हणजे निम्मे रुग्ण साडेआठ वर्षांहून अधिक जगले. एवढ्या काळात दहावीतली मुलगी शिकून नोकरीला लागते, घराचं कर्ज फिटत येतं.

आता या साडेआठ वर्षांतला रोजचा दिवस कसा जातो ते पाहायला हवं. सकाळी घराबाहेर पडण्याआधी तीनदा संडास, जेवण झालं की पंधरा मिनिटांत पुन्हा, रात्री दोनदा जाग. पोटात गुरगुर, मध्येच कळ, मध्येच चेहरा लालबुंद. स्कॅनच्या अहवालात ‘रोग स्थिर’ असं लिहिलेलं असतं. डॉक्टर समाधानी असतात आणि त्यांचं समाधान रास्तही असतं. रुग्ण मात्र घरी परतताना वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे याचा हिशेब करत असतो. हळू वाढणाऱ्या या कॅन्सरसोबत जगणाऱ्यांसाठी पोटाचं दुखणं हाच पुष्कळदा मुख्य आजार असतो. ‘कॅन्सरमुळे होतंय, चालायचंच’ असं म्हणून ते सोडून दिलं जातं, आणि इथेच मोठी चूक होते. या जुलाबांमागे एक नाही, चार-पाच वेगवेगळी कारणं असतात, आणि त्यांतल्या जवळपास प्रत्येकावर वेगळा इलाज आहे.

इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम रॅन्सम यांनी १८९० साली ‘लॅन्सेट’मध्ये एका बाईची हकीकत नोंदवली होती. तिच्या लहान आतड्यात आणि यकृतात गाठी होत्या, आणि खाल्लं की जुलाब व धाप लागत असे. गाठी आणि जुलाब यांचा धागा जोडायला मात्र पुढे साठेक वर्षं लागली. म्युनिकचे विकृतिशास्त्रज्ञ सिगफ्रिड ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ मध्ये या गाठींना ‘कार्सिनॉइड’ हे नाव दिलं. त्या निरुपद्रवी असतात असं त्यांचं मत होतं. १९२९ मध्ये त्यांनीच ते दुरुस्त केलं आणि या गाठी पसरू शकतात हे मान्य केलं. १९५३ मध्ये फ्रेड लेम्बेक यांना अशा गाठीत सेरोटोनिन सापडलं, आणि पुढच्याच वर्षी स्वीडनमधल्या डॉक्टरांनी जुलाब, चेहरा लाल होणं, दम लागणं आणि हृदयाच्या झडपा खराब होणं या चौघांना एका सूत्रात बांधलं. त्यालाच आज कार्सिनॉइड सिंड्रोम म्हणतात.

सेरोटोनिन म्हटलं की बहुतेकांना मेंदू आणि मन आठवतं. प्रत्यक्षात शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असतं आणि आतड्याची हालचाल चालू ठेवणं हे त्याचं एक मोठं काम. आतड्याच्या अस्तरात विखुरलेल्या ज्या पेशी ते बनवतात, त्यांच्यातूनच ही गाठ उगवते आणि तेच रसायन बेहिशेब सोडत राहते. गाठ आतड्यापुरती असते तोवर आतड्यातलं रक्त आधी यकृतातून जातं आणि यकृत सेरोटोनिन मोडून टाकतं, त्यामुळे त्रास फारसा जाणवत नाही. यकृतातच गाठी झाल्या की ही चाळणी निकामी ठरते. म्हणून ज्याला कार्सिनॉइड सिंड्रोम आहे, त्याच्या यकृतात बहुतेक वेळा रोग पोहोचलेला असतो. सगळ्याच न्यूरोएंडोक्राइन गाठी संप्रेरकं सोडत नाहीत. साधारण पाच रुग्णांपैकी एकालाच हा सिंड्रोम होतो. पोटाचा त्रास मात्र उरलेल्या चौघांपैकीही अनेकांना असतो, आणि त्याची कारणं निराळी असतात.

निदानाला होणारा उशीर ही या आजाराची जुनी व्यथा. आंतरराष्ट्रीय रुग्ण-सर्वेक्षणांत पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी चार-पाच वर्षं गेल्याचं दिसतं. आपल्याकडे तर चुकण्याच्या वाटा आणखी जास्त. वारंवार जुलाब म्हणजे आधी अमीबा, मग ‘आयबीएस’, मग टेन्शन. चाळिशी-पन्नाशीतल्या बाईचा चेहरा तापून लाल होत असेल तर पाळी जायची वेळ आली म्हणून सोडून दिलं जातं. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सूज किंवा जाडी दिसली की भारतात पहिली शंका क्षयाची येते. ती येणं चूक नाही, कारण त्याच जागी आतड्याचा क्षय खरोखरच होतो. मात्र बायोप्सीशिवाय टीबीची औषधं सुरू झाली आणि महिनोन्‌महिने फरक पडला नाही, तर तिथे थांबून पुन्हा विचार व्हायला हवा. रोग दुर्मीळ असला तरी वाटतो तितका नाही. अमेरिकेतल्या नोंदींत १९७३ साली लाखामागे १.०९ असलेलं नव्या रुग्णांचं प्रमाण २०१२ पर्यंत ६.९८ झालं. यात चांगल्या स्कॅनचा आणि एंडोस्कोपीचा मोठा वाटा आहे. आधीही असलेले रुग्ण आता दिसू लागले.

मराठी घरांत या रोगाचं नाव पोहोचलं ते १६ मार्च २०१८ रोजी इरफान खान यांनी आपलं निदान जाहीर केलं तेव्हा. ‘न्यूरो’ ऐकून अनेकांनी मेंदूचा कॅन्सर समजून घेतला, आणि ‘न्यूरो’चा संबंध नेहमी मेंदूशीच नसतो असा खुलासा त्यांना स्वतःला करावा लागला. २९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. तेव्हापासून हा रोग म्हणजे दोन वर्षांची मुदत असा समज पसरला. पण आपला रोग उच्च प्रतीचा, म्हणजे वेगाने वाढणारा असल्याचं खुद्द इरफान यांनीच आपल्या पत्रात लिहिलं होतं. एकाच नावाखाली इथे दोन अगदी वेगळ्या गतीचे आजार वावरतात. त्यांतला फरक बायोप्सीच्या अहवालातल्या ‘की-६७’ या आकड्यावरून कळतो. किती टक्के पेशी विभागण्याच्या तयारीत आहेत हे तो आकडा सांगतो. ३ टक्क्यांच्या खाली पहिली प्रत, ३ ते २० दुसरी, २० च्या वर तिसरी. अहवाल हातात आल्यावर नातेवाइकांनी सर्वांत आधी विचारावा तो हाच आकडा.

दुसऱ्या टोकाला ‘ॲपल’चे स्टीव्ह जॉब्स आणि गायिका अरीथा फ्रँकलिन आहेत. जॉब्स यांच्या स्वादुपिंडातली गाठ ऑक्टोबर २००३ मध्ये सापडली. नऊ महिने पथ्य आणि पर्यायी उपचारांत गेले, जुलै २००४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, २००९ मध्ये यकृत बदललं आणि ऑक्टोबर २०११ मध्ये ते गेले. वॉल्टर आयझॅकसन यांनी लिहिलेल्या चरित्रात एक बाब येते जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. स्वादुपिंडाचा भाग काढल्यावर प्रथिनं पचणं आणि अंगी लागणं अवघड झालं होतं, थोडंथोडं आणि वारंवार खा असा सल्ला होता, आणि जॉब्स यांच्या खाण्याच्या सवयींना तो मानवत नव्हता. फ्रँकलिन यांच्यावर २०१० च्या अखेरीस शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्या वारल्या. दोघांबद्दलही बातम्यांत सरसकट ‘स्वादुपिंडाचा कॅन्सर’ असं छापून आलं. स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये इतकी वर्षं क्वचितच मिळतात.

निदानाच्या तपासण्यांपैकी एक घरगुती स्वरूपाची आहे, आणि घाईत केली तर ती हमखास फसते. सेरोटोनिन मोडल्यावर तयार होणारं ‘५-एचआयएए’ हे द्रव्य चोवीस तासांच्या लघवीत मोजतात. लॅबमधून मोठा कॅन मिळतो, त्यात बहुतेक वेळा थोडं आम्ल घातलेलं असतं. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, घड्याळ लावायचं आणि त्यानंतरची प्रत्येक लघवी, दुसऱ्या दिवशी सकाळची धरून, त्या कॅनमध्ये जमा करायची. एकदा जरी विसरलं तरी हिशेब चुकतो. त्याआधी दोन-तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो, वांगी, किवी, अक्रोड बंद, कारण त्यांच्यातच सेरोटोनिन असतं. भरलं वांगं खाऊन लघवी गोळा केली तर रोग नसतानाही आकडा वाढलेला येऊ शकतो. रक्तातल्या क्रोमोग्रॅनिनची तर आणखी पंचाईत. अॅसिडिटीची रोजची गोळी चालू असेल तर तो आकडा कित्येक पट चढतो, आणि ती गोळी आपल्याकडे किती सहज घेतली जाते हे वेगळं सांगायला नको. खात्रीचं चित्र देतो तो गॅलियम-६८ वापरून केलेला पेट स्कॅन. तो गाठींवरच्या सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाच्या ग्राहकांना (रिसेप्टरना) शोधतो, आणि पुढे औषध लागू पडेल का याचा अंदाजही त्यातूनच येतो.

आता मुख्य प्रश्नाकडे. हे जुलाब थांबत का नाहीत?

पहिलं कारण अर्थातच संप्रेरक. सेरोटोनिनमुळे आतडं पाणी सोडत राहतं आणि अन्न घाईघाईने पुढे ढकलतं. अशा जुलाबांची खूण म्हणजे उपास केला तरी ते थांबत नाहीत आणि रात्री झोपेतून उठवतात. आयबीएसचे जुलाब सहसा झोपमोड करत नाहीत. ज्या डॉक्टरने ‘रात्री उठावं लागतं का?’ एवढं विचारलं, त्याने अर्धी वाट चालून टाकली. त्यावरचा इलाज सापडला तो मेंदूत. १९७३ मध्ये रॉजर गिलेमिन यांच्या प्रयोगशाळेत सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक वेगळं काढलं गेलं. ते बाकी संप्रेरकांना आवर घालतं, पण रक्तात दोन-तीन मिनिटांतच निम्मं होतं, म्हणून औषध म्हणून निरुपयोगी. बाझलच्या सँडोझ कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी चौदा अमिनो आम्लांच्या त्या साखळीतला कामाचा भाग धरून आठांची साखळी बनवली. ते ऑक्ट्रिओटाइड. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या लॅरी क्वोल्स यांनी पंचवीस रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. बावीस जणांचे जुलाब आणि चेहरा लाल होणं झपाट्याने कमी झालं होतं. त्याआधी या रुग्णांच्या हाती देण्यासारखं जवळपास काही नव्हतं. पुढे २००९ मध्ये जर्मनीतल्या ‘प्रोमिड’ चाचणीने दाखवलं की हे औषध नुसती लक्षणं दाबत नाही, गाठीची वाढही लांबवते. रोग पुढे सरकेपर्यंतचा मध्यमान काळ ६ महिन्यांवरून १४.३ महिन्यांवर गेला.

आज महिन्यातून एकदा, दर अठ्ठावीस दिवसांनी, दीर्घ परिणामाचं इंजेक्शन मिळतं. तेही नीट द्यावं लागतं. कुपी फ्रिजमधून काढून अर्धा-एक तास बाहेर ठेवायची. सोबतचा द्रव घातल्यावर लगेच हलवायचं नाही, भुकटी पूर्ण भिजू द्यायची, मग बेताने हलवून एकजीव करायची आणि क्षणभरही न थांबता कुल्ल्याच्या स्नायूत खोलवर द्यायची. सुई जाड असते. सिरिंज भरून ठेवून कुणी फोन घ्यायला गेलं तर औषध खाली बसतं आणि सुई तुंबते. ते स्नायूऐवजी वरच्या चरबीत गेलं तर गाठ होते आणि महिनाभर पुरेसा परिणाम मिळत नाही. अनेक रुग्णांना तिसऱ्या आठवड्यानंतर त्रास वाढल्याचं जाणवतं. ही कल्पना नसते. औषधाची पातळी तेव्हा खरोखरच उतरत असते, आणि अंतर कमी करून किंवा मधल्या दिवसांत लहान इंजेक्शनं देऊन ती सावरता येते. रुग्णाने तारखा लिहून ठेवल्या असतील तरच डॉक्टरला हे दिसतं.

इथून पुढचा भाग फार कमी लोकांना माहीत असतो. जुलाब थांबवणारं हेच औषध दुसऱ्या प्रकारचे जुलाब सुरू करू शकतं. सोमॅटोस्टॅटिन सगळ्या स्रावांना आवर घालतं, त्यात स्वादुपिंडाचे पाचक रसही आले. मग तेल-तूप पचत नाही. शौच फिकट, चिकट, फार घाण वासाचं होतं, वर तरंगतं आणि भांड्याला चिकटून राहतं. वजन उतरत जातं. रुग्णाला वाटतं रोग वाढला, डॉक्टरला वाटतं डोस कमी पडतोय, आणि इंजेक्शन वाढवलं तर त्रास आणखी वाढतो. यावरचा उपाय म्हणजे पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल. त्या जेवणाच्या पहिल्या घासासोबत घ्यायच्या, जेवण लांबलं तर मध्ये आणखी एक. जेवण उरकून मग गोळ्यांचा डबा उघडण्याची आपली सवय इथे औषध वाया घालवते, कारण अन्न तोवर पुढे गेलेलं असतं. या कॅप्सूलमधलं एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं असतं. शाकाहारी आणि मुस्लिम घरांत हे आधी सांगणं डॉक्टरचं कर्तव्य आहे. नंतर कुठून तरी कळलं तर रुग्ण काही न बोलता औषध बंद करतो, आणि कारण कधीच कळत नाही.

तिसरं कारण शस्त्रक्रियेतून येतं. गाठ बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात असते आणि तोच भाग कापला जातो. पित्तातली आम्लं तिथेच शोषली जाऊन यकृताकडे परत जातात, सुमारे ९५ टक्के. तो भाग गेला की ती मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथे आग लावतात. जेवणानंतर अचानक, आवरताच येणार नाही अशी घाई, पिवळसर पाणी, गुदाशी जळजळ. यावर कोलेस्टायरामाइन नावाची जुनी, स्वस्त भुकटी आहे. पाण्यात किंवा ताकात कालवून घ्यायची आणि बाकीच्या गोळ्यांपासून काही तास दूर ठेवायची, कारण ती पित्तासोबत त्या गोळ्यांनाही धरून ठेवते. एका चिमूटभर निदानाने आयुष्य बदलतं असं म्हणावं तर ते इथे खरं आहे. वर्षानुवर्षं लोपरामाइड या जुलाबाच्या गोळीवर ढकललेले दिवस या भुकटीने आठवड्याभरात सुधारू शकतात. मात्र एक मीटरहून अधिक आतडं गेलं असेल तर पित्तच अपुरं पडतं आणि हीच भुकटी चरबीचे जुलाब वाढवते. म्हणून शस्त्रक्रियेच्या कागदावर किती सेंटिमीटर आतडं काढलं हा आकडा असलाच पाहिजे. व्हिटॅमिन बी-१२ शोषण्याची जागाही तीच, तेव्हा ते इंजेक्शन आयुष्यभराचं.

लहान आणि मोठ्या आतड्याच्या सीमेवरची झडपही शस्त्रक्रियेत अनेकदा जाते. मग मोठ्या आतड्यातले जंतू वर सरकतात आणि लहान आतड्यात ठाण मांडतात. पोट तासाभरात ढोलासारखं फुगणं ही त्याची खूण, आणि अँटिबायोटिकचा मोजका कोर्स हा इलाज. आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात गाठीमुळे तंतू आक्रसतात, आतडं मुरडतं, रक्तपुरवठा कमी होतो. अशा रुग्णाला जेवलं की अर्ध्या तासात कळ येते आणि तो हळूहळू जेवायलाच घाबरतो. इथे जुलाबाची गोळी धोक्याची ठरू शकते. शल्यविशारदाचं मत लागतं, आणि सालं, देठं, चोथा कमी असलेलं मऊ अन्न.

ही सगळी कारणं एकाच माणसात एकावर एक रचलेली असू शकतात. पन्नास वर्षांच्या एखाद्या रुग्णाचं आतडं कापलेलं, पित्ताशय काढलेलं, इंजेक्शन चालू आणि यकृतात गाठी असतील, तर त्याच्या जुलाबांना ‘का?’ हा एकच प्रश्न विचारून भागत नाही. दिवसाला किती वेळा, कधी, कसा रंग, जेवणाशी काय नातं, रात्री किती, शेवटचं इंजेक्शन कधी. दोन आठवड्यांची एवढी नोंद महागड्या स्कॅनपेक्षा जास्त सांगून जाते. त्यानंतर एका वेळी एकच बदल करायचा आणि आठवडाभर पाहायचं. ऑक्ट्रिओटाइड पुरेसं पडत नसेल तर सेरोटोनिन बनवणाऱ्या एन्झाइमलाच रोखणारं टेलोट्रिस्टॅट हे औषध अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालं. दिवसाला चार किंवा अधिक वेळा जावं लागणाऱ्यांवर त्याची चाचणी झाली. सुमारे ४४ टक्के रुग्णांना ठोस फरक पडला, बनावट गोळी घेणाऱ्यांत २० टक्क्यांना. फायदा खरा आहे, पण सगळ्यांना नाही, आणि आधीची कारणं तपासल्याशिवाय त्याकडे धावण्यात अर्थ नाही.

घरातल्या प्रेमाचाही पोटाशी संबंध येतो. कॅन्सर झाला, माणूस खंगतोय, म्हणून डिंकाचे लाडू येतात, बदाम-अक्रोड भिजवले जातात, वरणावर तुपाची धार वाढते. चरबी पचत नसलेल्या पोटाला हे नेमकं नको असतं. आई किंवा बायको दुखावू नये म्हणून रुग्ण खातो आणि रात्रभर भोगतो. मऊ भात, मुगाची खिचडी, पेज, ताक, उकडलेलं अंडं, कमी तेलातला मासा असं थोडंथोडं, दिवसातून पाच-सहा वेळा बहुतेकांना मानवतं. दारूने चेहरा लाल होतो, झणझणीत आणि तळलेल्याने जुलाब. पण पथ्याच्या छापील याद्या माणसामाणसाला वेगळ्या लागू पडतात, आणि त्यांच्या धाकाने जेवणच तोडणं हा मोठा धोका. प्रथिनं तर मुळीच तोडू नयेत. त्याचं कारण गंभीर आहे. एरवी शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा जेमतेम एक टक्का सेरोटोनिनकडे वळवतं. या रोगात हे प्रमाण साठ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, आणि त्याच ट्रिप्टोफॅनपासून बनणारं नायसिन हे जीवनसत्त्व तुटतं. मग पेलाग्रा होतो. उन्हाला लागणारी त्वचा काळी पडते, सोलते, जीभ लाल होते, मन सैरभैर होतं आणि जुलाब आणखी वाढतात. दख्खनला पेलाग्रा अनोळखी नाही. ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत तो का होतो याचा शोध हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला होता आणि १९६० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला होता. कॅन्सरच्या रुग्णाचे काळे पडलेले हात पाहून आज कुणाला ते आठवेल का, हा प्रश्न आहे. नायसिनच्या साध्या गोळ्यांनी हा भाग बरा होतो.

घराबाहेरचं जग या रुग्णांसाठी अंतरांनी मोजलेलं असतं. मुंबईच्या लोकलमध्ये स्वच्छतागृह नाही, एसटीत नाही, आणि स्टेशनवरचं असलं तर तिथे पाणी असेलच असं नाही. बाईसाठी हे दुप्पट अवघड. मुंबईतल्या ‘राइट टू पी’ चळवळीने स्त्रियांच्या मुताऱ्यांचा प्रश्न चव्हाट्यावर आणला, पण दिवसातून आठ वेळा शौचाला जावं लागणाऱ्या आजारी माणसाची गरज अजून सार्वजनिक चर्चेत आलेलीच नाही. ब्रिटनमध्ये १९८१ पासून अपंग आणि अशा आजारांच्या लोकांना देशभरातली हजारो बंद स्वच्छतागृहं उघडणारी एकच किल्ली मिळते. आपल्याकडे रुग्ण काय करतो? सकाळपासून उपाशी राहतो. दुपारपर्यंत जेवत नाही, पाणीही कमी पितो, म्हणजे ऑफिस निभावतं. त्यात त्याची मूत्रपिंडं आणि पोटॅशियम दोन्ही धोक्यात येतात, आणि तरीही तो असं का करतो हे समजणं कठीण नाही. वर चेहरा लालसर, वजन बेताचं, केस शाबूत. ‘तब्येत तर छान दिसतेय’ हे वाक्य त्याला रोज ऐकावं लागतं.

काही रुग्णांत गाठ इतकी सुस्त असते की उपचार न करता नुसतं लक्ष ठेवणं हाच योग्य निर्णय ठरतो. घरच्यांना हे पटवणं डॉक्टरांसाठी सर्वांत अवघड. कॅन्सर आहे आणि काही करायचं नाही, हे कुणाच्या गळी उतरणार? मग नातेवाईक दुसरं, तिसरं मत घेतात आणि कुठे ना कुठे गरज नसलेली केमोथेरपी सुरू होते. पण लक्ष ठेवणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे. सेरोटोनिन वाढलेलं असेल तर वर्षातून एकदा हृदयाची टू-डी इको हवीच. या रोगात उजव्या बाजूच्या झडपा जाड होऊन आखडतात. डाव्या बहुधा वाचतात, कारण फुप्फुसं मध्ये सेरोटोनिन निष्प्रभ करतात. पायांवर सूज येईपर्यंत थांबलं तर उशीर होतो. आणि कुठलीही शस्त्रक्रिया असो, अगदी दाताची मोठी असली तरी, भूल देणाऱ्याला या रोगाची आधी कल्पना द्यायला हवी. भुलेत गाठीने एकदम संप्रेरकं सोडली तर रक्तदाब कोसळतो, आणि त्यासाठी ऑक्ट्रिओटाइड हाताशी ठेवावं लागतं.

पसरलेल्या रोगावरच्या एका उपचाराशी महाराष्ट्राचं थेट नातं आहे. गाठींवरच्या ज्या ग्राहकांना ऑक्ट्रिओटाइड जाऊन चिकटतं, त्यांच्याकडेच ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य पोहोचवायचं, अशी ही कल्पना. ती रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी घडवली. त्याचे किरण ऊतीत एक-दोन मिलिमीटरच जातात, त्यामुळे मारा गाठीपुरता राहतो, आणि ते पावणेसात दिवसांत निम्मं होतं. हे ल्युटेशियम ट्रॉम्ब्यातल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत बनतं आणि परळच्या टाटा रुग्णालयाच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर ते अनेक वर्षांपासून रुग्णांना देत आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नेटर-१’ चाचणीत २२९ रुग्ण होते. वीस महिन्यांनंतर ल्युटेशियम मिळालेल्यांपैकी ६५.२ टक्क्यांचा रोग वाढलेला नव्हता, वाढीव डोसचं ऑक्ट्रिओटाइड मिळालेल्यांत १०.८ टक्क्यांचा. त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढच्या वर्षी आलेला दुसरा निष्कर्ष. रुग्णांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीनुसार, तब्येत एकंदर ढासळेपर्यंतचा मध्यमान काळ ल्युटेशियमच्या गटात २८.८ महिने होता, दुसऱ्या गटात ६.१. जुलाब वाढण्यालाही उशीर झाला. उपचाराची किंमतही आहे. मूत्रपिंडं वाचवण्यासाठी सोबत अमिनो आम्लांची सलाइन चढवतात, तिने मळमळून येतं. त्या दिवसांत लघवी-शौचातून किरणोत्सार बाहेर पडतो, म्हणून वेगळ्या खोलीत राहावं लागतं. ज्याला दिवसातून आठ वेळा जावं लागतं, त्याची तयारी आधी करून घ्यावी लागते. थोड्या रुग्णांत काही वर्षांनी रक्ताचा विकार उद्भवतो.

मुंबईतले उपचार संपले की रुग्ण लातूरला, रत्नागिरीला, पणजीला आपल्या घरी जातो. पुढची वर्षं त्याला गावातले डॉक्टर पाहतात. त्यांनी असा रुग्ण आधी कधी पाहिलेला नसतो, आणि जुलाबांसाठी तो आला की अमीबावरचं मेट्रोनिडाझोल लिहून दिलं जातं. मोठ्या रुग्णालयातून मिळणाऱ्या कागदावर रोगाची अवस्था आणि पेट स्कॅनचा निकाल तपशिलात असतो. त्याच कागदावर आणखी चार ओळी लिहिता येतील. किती सेंटिमीटर आतडं काढलं आणि झडप राहिली की गेली. शेवटचं इंजेक्शन कोणत्या तारखेला दिलं. एन्झाइम आणि कोलेस्टायरामाइन वापरून पाहिलं का, आणि काय झालं. बी-१२, नायसिन आणि इको पुढे कधी तपासायची. एवढं असलं तर लातूरच्या डॉक्टरला त्या रात्रीच्या जुलाबांवर कुठून सुरुवात करायची ते कळतं, आणि रुग्णाला केवळ पोटासाठी पुन्हा मुंबईची गाडी धरावी लागत नाही.